मैत्रीच्या रक्ताचे थेंब

शेवट आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. आमची मुलगी मैत्री आता नाही. ती वेळेच्या फार आधी जन्मली, दिवाळीच्या सुट्या संपल्यावर दवाखान्यातून घरी आली आणि ऊन तापायच्या आत गेली. वेळेआधी जन्मलेल्या काही बाळांना फुप्फुसाचा जो जुनाट आजार जडतो, तो तिला होता.

ज्यांचं बाळ आज नाकात नळी लावून घरी आहे, त्यांनी हे वाचून घाबरू नये. आमच्यासोबत दवाखान्यात असलेली बरीच बाळं सुधारली. एक तर आता अंगणवाडीत जातं, त्याची आई मला फोटो पाठवते. मी हे लिहितेय कारण त्या दिवसांत मला असं काही वाचायला हवं होतं आणि कुठं सापडलं नाही.

फळ्यावरची अक्षरं

मी वडीगोद्रीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा उघडून थोडेच दिवस झाले होते. दुसरीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना अक्षरं अचानक दोन-दोन दिसायला लागली. सातवा महिना नुकताच लागला होता. पाय सुजले होते, पण ते सगळ्यांचेच सुजतात असं मला वाटायचं. सोबतच्या मॅडमनी मला गाडीत घालून अंबडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि म्हणाले, "इथं थांबू नका. जल्दी जालन्याला निघा."

जालन्याला संध्याकाळी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. ती रडली म्हणे, मांजराच्या पिलासारखी. मला ऐकू आलं नाही. तिला मला दाखवलंही नाही, तशीच अॅम्ब्युलन्समध्ये घालून औरंगाबादला नेलं. आता संभाजीनगर म्हणतात, पण तोंडात जुनंच नाव येतं. सोबत माझा नवरा प्रदीप गेला. मी टाके घेऊन जालन्याच्या खाटेवर राहिले, माझ्याजवळ सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते.

प्रदीपचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "हाये. श्वास घेऊ राह्यली."

मग त्यानं एक फोटो पाठवला. त्यात एक पाय होता, आणि शेजारी त्याच्या हाताचा अंगठा. दोघांची लांबी सारखीच. आत्यांनी फोटो पाहिला, फोन उलटा ठेवला आणि माझे पाय चेपायला लागल्या. त्या वॉर्डात बाकी सगळ्या बायांच्या कुशीत बाळं होती. मला चीक येत होता आणि पाजायला कुणी नव्हतं.

विसरली का?

टाके निघाल्यावर मीही औरंगाबादला गेले. दवाखान्याजवळ प्रदीपच्या मावसबहिणीची एक खोली होती, तिथं आम्ही राहिलो.

आत जायचं म्हणजे बांगड्या, अंगठी, घड्याळ सगळं काढून ठेवायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे, त्यांचा झगा घालायचा. मग काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालायचा आणि बोट नुसतं टेकवायचं. चोळायचं नाही. तिची कातडी इतकी पातळ होती की खालची शीर न शीर दिसायची. सुरुवातीला तोंडातून नळी होती, नंतर नाकावर मास्क बांधलेला. डोक्याला टोपी, गालावर चिकटपट्ट्या. चेहरा असा दिसायचाच नाही.

अशी बाळं मध्येच श्वास घ्यायचं विसरतात. मशीन ओरडायला लागतं. तिथली एक सिस्टर घाई न करता यायची, मैत्रीच्या तळपायाला टिचकी मारायची आणि म्हणायची, "ए मैत्री, विसरली का? घे बरं." आणि मैत्री घ्यायची. मला त्या टिचकीची भीती वाटायची, आणि त्या सिस्टरची ड्यूटी संपली की त्याहून जास्त भीती वाटायची.

एक दिवस तिला माझ्या छातीवर ठेवलं, कातडीला कातडी लावून. वरून शाल गुंडाळली. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा हळूहळू वर चढला आणि तिथंच थांबला. सिस्टर म्हणाली, "बघा, तिला कळलं." तिला काय कळलं ते माहीत नाही. मला मात्र तेव्हाच कळलं की ही माझी आहे. त्याआधी नुसती काळजी होती.

मागितलेलं रक्त

मी तिथं पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला बाजूला बोलावलं होतं. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. म्हणाल्या, "एक विचारायचं आहे. नाही म्हणालात तरी उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, हे आधी ऐका."

मग त्यांनी समजावून सांगितलं. रक्तात नाना तऱ्हेची प्रथिनं असतात. शरीरात कुठं सूज आली, कुठं जखम भरत असली, की त्यातली काही वाढतात, काही कमी होतात. वेळेआधी जन्मलेल्या ज्या बाळांची फुप्फुसं पुढं कायमची दुखावतात, त्यांच्या रक्तात हे बदल आधीपासूनच दिसत असावेत असा अंदाज आहे. तो बरोबर ठरला तर पुढच्या बाळांच्या बाबतीत लवकर सावध होता येईल. त्यासाठी नेहमीच्या तपासणीचं रक्त काढतानाच काही थेंब जास्त घ्यायचे होते.

मी विचारलं, "हिला याचा काही उपयोग?"

"नाही," त्या म्हणाल्या. "खरं सांगते. हिला काहीच नाही."

प्रदीपनं माझ्याकडं पाहिलं. त्याचं वडीगोद्रीला हायवेच्या कडेला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडून आतली तार पाहिल्याशिवाय तो कुणाला काही सांगत नाही. तो म्हणाला, "आत बघितल्याबगर कसं कळणार त्याइला तरी? देऊ मंग."

आत्या खोलीवर होत्या. ऐकून त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली. "मुठीएवढं लेकरू. त्याच्या अंगात रगत ते केवढं, अन् त्यातलंबी मागू राह्यले? अन् तुमी दोघं हो म्हणून आले?"

"आत्या, थेंबभर आहे."

"तिला थेंबच हाये गं बाई सगळं."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी सही करून आले होते, पण त्यांचं ते वाक्य पुढं कितीतरी महिने माझ्यासोबत राहिलं. सुई टोचताना मी भिंतीकडं तोंड करून उभी राहायची.

आजाराचं नाव

मैत्रीचं वजन वाढायला लागलं. वाटीनं दूध प्यायला लागली. शेजारच्या पेट्यांतली बाळं एकेक करून ऑक्सिजनशिवाय राहायला लागली, आयांच्या कडेवरून बाहेर पडली. जाताना त्या आया आमच्याकडं बघायचं टाळायच्या, आणि मी त्यांच्याकडं. मैत्रीचा ऑक्सिजन कमी केला की तिच्या बरगड्यांखाली खड्डे पडायचे. पुन्हा वाढवायचा. असं चालू होतं.

पोळ्याच्या आसपास मॅडमनी आम्हा दोघांना खुर्चीवर बसायला सांगितलं. तिथं वाईट बातमी असली की बसायला सांगायचे. त्या म्हणाल्या, "एवढ्या दिवसांनंतरही ऑक्सिजन सुटत नाही, याचा अर्थ हिच्या फुप्फुसाला जुना आजार झालाय. हिला ज्या हवेनं वाचवलं, त्याच हवेच्या जोरानं फुप्फुसं दुखावलीही. ती तयारच झाली नव्हती. वाढतील ती, नवीन जागा तयार होईल. पण वेळ लागेल आणि मधल्या काळात साधी सर्दीसुद्धा जड जाईल."

"किती वेळ?" प्रदीपनं विचारलं.

"नाही सांगता येत."

"माझ्यामुळं झालं का?" मी विचारलं. "रक्तदाब माझा वाढला होता."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "प्रतिभाताई, तुमच्यामुळं काही झालेलं नाही. हे वाक्य तुम्हाला पटणार नाही, तरी मी दर वेळी म्हणणार आहे."

आणि त्या खरंच दर वेळी म्हणायच्या. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्यांनी म्हणायचं सोडलं नाही, याचा आधार होता.

अंबडची खोली

दिवाळीनंतर तिला घरी सोडलं, ऑक्सिजनच्या मशीनसकट. आमचं घर दुकानाच्या मागंच. एका बाजूला हायवेची धूळ, दुसऱ्या बाजूला दुकानातल्या वॉर्निशचा वास, आणि आत आत्यांची चूल. मॅडमनी तीनही गोष्टींना नको म्हणून हात जोडले. म्हणून अंबडला आतल्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी रजा वाढवली. आत्या त्यांचं घर, शेळ्या, शेजार सगळं सोडून माझ्यासोबत आल्या. गॅसवरची भाकरी त्यांना कधी आवडली नाही. पण चुलीचं नावही त्यांनी काढलं नाही.

मशीन दिवसरात्र घुरघुरायचं. वीज गेली की इन्व्हर्टर, तो उतरला की सिलिंडर, अशी सोय प्रदीपनं स्वतः केली. नळी लांब होती. त्या नळीच्या लांबीएवढंच मैत्रीचं जग. त्यात एक खिडकी येत होती. खिडकीतून समोरच्या घरचं मोसंबीचं झाड दिसायचं. आत्या तिला तिथं घेऊन बसायच्या आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाची माहिती तिला द्यायच्या. "हे बघ, हा कोर्टात असतो. ही त्याची बायको. दोघांचं जमत न्हाई." मैत्री त्यांच्या तोंडाकडं एकटक पाहायची. ती पहिल्यांदा हसली ती आत्यांच्या असल्याच कुठल्यातरी चहाडीवर.

भांडणंही झाली. प्रदीप दुकानातून आला की आंघोळ करून, कपडे बदलून मगच तिला घ्यायचा. एकदा ती हात पुढं करून हसली आणि त्यानं तसंच उचललं. त्याच्या शर्टाला वॉर्निशचा वास होता. मी ओरडले. फार ओरडले, शेजारी ऐकतील इतकं.

तो तिला माझ्याकडं देत म्हणाला, "बापालाबी हात लावू देऊ नको मंग." आणि जेवण न करता बाहेर गेला.

आत्या मला म्हणाल्या, "तू बराबर हायेस. पण त्योबी बराबर हाये. आता काय करावं?" दुसऱ्या दिवसापासून प्रदीपनं धुतलेला शर्ट दाराबाहेरच्या खिळ्याला टांगून ठेवायला सुरुवात केली.

चांगले दिवसही होते, हे सांगायला हवं. ती कुशीवर वळली. डाळीचं पाणी तिनं तोंड वाकडं करून गिळलं. एक दिवस मॅडमनी तपासून ऑक्सिजन थोडा कमी करायला सांगितला. येताना प्रदीपनं बदनापूरजवळ गाडी थांबवून मला आणि आत्यांना पेढे खायला घातले. आत्यांनी पेढ्याचा कण मैत्रीच्या ओठाला लावला. मी पाहिलं आणि माझा पेढा खात राहिले.

सर्दी

एक नातेवाईक बाई लग्नाची पत्रिका द्यायला आली. दारातूनच द्या म्हणायला मला जमलं नाही. ती बसली, चहा प्यायली, दोनदा खोकली, पदर तोंडाला लावून. मैत्रीला तिनं दुरूनच पाहिलं, कौतुक केलं. त्या बाईचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही. आपल्यामुळं काही झालं असेल हे तिलाही माहीत नाही. तिला कधी कळू नये. कदाचित सर्दी तिच्यापासून आलीही नसेल.

दोन-तीन दिवसांत मैत्रीचं नाक वाहायला लागलं. मग छाती. मग बरगड्यांखालचे ते खड्डे, जे मी विसरत चालले होते. सकाळी ती दूध ओढता ओढता थांबली आणि माझ्याकडं पाहत राहिली. रडली नाही. रडायला हवा लागते.

आम्ही पुन्हा औरंगाबादला. पुन्हा तोंडातून नळी, तीच काचेची दारं. या वेळी ती मोठी होती, मला ओळखत होती. तिच्या हाताला पट्टी बांधली होती, तरी तिनं माझं बोट धरून ठेवलं. नंतर औषधानं तिला झोपवलं, आणि ती पकड सुटली. फुप्फुसाबरोबर आता काळीजही थकलंय, असं मॅडम म्हणाल्या.

काही दिवस गेले. एका सकाळी त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं नाही. त्या आमच्याजवळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मशीन आहे तोवर छाती हलेल. पण तिला आता यातून आराम मिळत नाहीये. तुम्ही तिला मांडीवर घ्या. मी इथंच आहे."

प्रदीप म्हणाला, "माझ्या आईला आत येऊ देता का?"

सिस्टरनं आत्यांना आत आणलं. मग तिची नळी काढली, गालावरच्या चिकटपट्ट्या तेलाचा बोळा लावून हळूच सोडवल्या. पट्ट्यांच्या जागी कातडी पांढरी पडली होती. तिचा सगळा चेहरा, मध्ये काही नसलेला, आम्ही तिघांनी नीट असा तेव्हाच पाहिला.

आत्या वाकल्या. म्हणाल्या, "बापावर गेली गं ही. नाक बघ."

प्रदीप तेव्हा रडला. मैत्री माझ्या मांडीवर होती. बाहेर ऊन होतं. ती कधी गेली ते मला कळलं नाही. मॅडमनी हात लावून सांगितलं.

राहिलेलं

गावी माती दिली. घरातलं मशीन बंद होतं. त्या शांततेत आम्हाला एकमेकांशी मोठ्यानं बोलावंसं वाटेना. आत्या वडीगोद्रीला परतल्या, चूल पेटवली आणि तिच्यासमोर नुसत्या बसून राहिल्या. भाकरी थापली नाही.

काही दिवसांनी आम्ही तिघं मॅडमना भेटायला गेलो. मला एकच विचारायचं होतं. "तिच्या रक्तात काय दिसलं? आधी कळलं असतं का?"

त्या म्हणाल्या, "ते अजून कुणालाच माहीत नाही. पुष्कळ बाळांचं रक्त एकत्र पाहिल्यावर काही कळेल, कदाचित कळणारही नाही. एकट्या मैत्रीबद्दल त्यातून मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं." मग म्हणाल्या, "तुम्हाला तिचे नमुने काढून घ्यायचे असतील तर तो तुमचा हक्क आहे. आज सांगितलंत तर आज नष्ट करते."

प्रदीप लगेच म्हणाला, "काढून टाका. तिचं काहीच ठेवायचं न्हाई मला इथं. बिलकुल न्हाई."

मला दोन्ही वाटत होतं.

आत्यांनी विचारलं, "बाई, ते रगत कुठं असतं? कशात?"

"छोट्या बंद नळीत. फार थंड कपाटात. नासत नाही."

आत्यांनी दोन बोटांत तेवढी नळी मापून पाहिली. मग प्रदीपला म्हणाल्या, "राहू दे रे. मातीत गेली ती गेली. तेवढी तरी हाये ना कुठं. अन् दुसऱ्या कुणाच्या लेकराचं त्यानं कळलं, तर तिचं नाव न्हाई का होनार?"

प्रदीप खिडकीकडं गेला. तिकडंच तोंड ठेवून म्हणाला, "आई म्हणती तसं करा."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. नाव कुठंच लागणार नाही, नमुन्यावर फक्त आकडा असतो, हे त्यांनी आत्यांना सांगितलं नाही. मीही नाही.

मंठा

पुढच्या वर्षी मॅडमचा फोन आला. मंठ्याजवळच्या एका गावात एक बाळ ऑक्सिजनवर घरी गेलंय, आई फार तरुण आहे, घाबरलीय. जाऊन येता का? जमत नसेल तर स्पष्ट नाही म्हणा.

दोन दिवसांनी मी प्रदीपला म्हटलं, सोड मला तिथं.

शेतातलं घर. आईचं नाव अश्विनी. डोळे खोल गेलेले, केसांना कित्येक दिवस पाणी लागलं नसावं. बाळ खाटेवर, नाकात नळी. मी तिला मशीनची सोय, सिलिंडर कसा जवळ ठेवायचा, पाहुण्यांना दारातून कसं परत पाठवायचं, ते सांगत होते. तिनं मध्येच विचारलं, "ताई, तुमची केवढी झाली आता?"

मॅडमनी सांगितलं नव्हतं. बोलायचं कसं, ते मी येताना गाडीत ठरवून ठेवलं होतं. ते सगळं विसरले.

"माझी राहिली नाही गं," मी म्हटलं.

तिची सासू दारात निवडण-टिपण करत होती. ती ताडकन उठली. "अशा बाईला काहून पाठवलं मंग? आमच्या लेकराजवळ?" मी पर्स उचलली. तिचं बरोबर होतं. मी तिच्या जागी असते तर मीही तेच म्हणाले असते.

अश्विनी मात्र माझ्याकडं पाहत होती. म्हणाली, "तुम्हाला नळीचं समदं येतं ना? निघाली तर बसवता येती?"

"येते."

"मंग बसा ताई. इथं कुणी धरतच न्हाई हिला, समद्यांला भेव वाटतं." तिनं बाळ उचललं, नळी सावरली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "मी डोक्यावरून पाणी घेऊन येते. लई दिवस झाले."

ती न्हाणीकडं गेली. सासू दारातच उभी राहिली, माझ्यावर नजर रोखून. बाळानं हात-पाय ताणले, कुरकुर केली. मी नळीचा पीळ सोडवला, डोकं कोपरावर थोडं वर घेतलं. ती शांत झाली. आतून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. सासू हळूच आत आली आणि माझ्याशेजारी खाली बसली.